वस्तीची बैठक आणि पोलिसांचा वेळ: आधी काय, हे कोण ठरवतं?

गणपती जवळ आले की वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर एक बातमी हमखास येते. पोलीस ठाण्याच्या आवारात खुर्च्या मांडलेल्या, टेबलामागे अधिकारी, समोर मंडळांचे कार्यकर्ते आणि फोटोखाली ओळ: शांतता समितीची बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. घरफोड्या वाढल्या की तशीच दुसरी बातमी येते. नागरिकांशी संवाद, सूचनांचं स्वागत, सीसीटीव्ही बसवण्याचं आवाहन. वाचणाऱ्याला मात्र कळत नाही की त्या तासा-दीड तासात ठरलं काय. आपल्या गल्लीतला त्रास अशा बैठकीने कमी होतो का, आणि होत असेल तर कसा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा बैठका फार उपयोगाच्या असू शकतात, पण एका अटीवर. एका लहान भागासाठी पुढचे एक-दोन महिने पोलिसांनी कोणता त्रास आधी हातात घ्यायचा हे तिथे ठरलं पाहिजे, आणि पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब दिला गेला पाहिजे. हे दोन्ही नसेल तर लोक मन मोकळं करून घरी जातात आणि परत येत नाहीत.

## समित्या अनेक, काम वेगवेगळं

आपल्याकडे नावांचा मोठा गोंधळ आहे, म्हणून तो आधी सोडवू. शांतता समिती सणासुदीपुरती बसते. मिरवणुकीचा मार्ग, वेळ, आवाज, विसर्जनाची व्यवस्था हे तिचे विषय. तंटामुक्त गाव समिती 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतून आली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. बांधाचे, वाटणीचे, भाऊबंदकीचे वाद कोर्टात जाण्याआधी गावातच सामोपचाराने मिटवायचे, हा तिचा हेतू. ग्रामसुरक्षा दल रात्रीची गस्त घालतं. मोहल्ला समितीचा जन्म दोन समाजांतला तणाव रोखण्यासाठी झाला. तिच्याकडे पुढे वळू, कारण त्या गोष्टीत शिकण्यासारखं खूप आहे.

या लेखाचा विषय मात्र आणखी वेगळी बैठक आहे. पोलीस ठाण्याच्या हद्दीचे लहान तुकडे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि प्रत्येक बीटला एक अंमलदार नेमून दिलेला असतो. त्या बीटमधले रहिवासी आणि तो अंमलदार ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात आणि कामांचा क्रम लावतात. अमेरिकेत शिकागो शहराने 1993 मध्ये पाच विभागांत हा प्रयोग सुरू केला आणि नंतर शहरभर नेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 च्या एका कायद्याने प्रत्येक पोलीस दलावर बंधन घातलं, की प्रत्येक वस्तीत रहिवासी आणि तिथले पोलीस यांची नियमित बैठक झालीच पाहिजे. आपल्याकडे ती होते तिथे बहुतेक वेळा एखाद्या उत्साही अधिकाऱ्यामुळे होते. साहेब बदलले की बैठक थांबते.

## क्रम लावायचाच कशाला? सगळंच करा की!

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतंच, आणि रागाने विचारतं. राग खोटा नसतो. पण ठाण्यातल्या माणसाचा दिवस कुठे जातो ते पाहायला हवं. मोर्चाचा आणि सणाचा बंदोबस्त, नाकाबंदी, कोर्टातल्या तारखा, समन्स बजावणं, आरोपीला तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात नेणं, पासपोर्टची पडताळणी, हरवलेल्या माणसांचा शोध, आणि 112 वर आलेला प्रत्येक फोन. यातलं काहीच टाळता येत नाही. उरलेल्या वेळेत बीटवर जाऊन काय करायचं, एवढाच प्रश्न बैठकीपुढे असतो.

दुष्काळी गावात टँकर येतो तेव्हा जसं होतं, तसंच या वेळेचं होतं. पाणी मोजकं असतं. आधी ठरवून वाटलं नाही तर जो पुढे घुसतो त्याचा हंडा भरतो, आणि वाडीच्या टोकाला राहणारी म्हातारी पोचते तेव्हा नळी रिकामी झालेली असते. बैठकीत क्रम ठरला नाही तरी पोलिसांचा वेळ वाटला जातोच. फक्त ज्याची साहेबांशी ओळख आहे, ज्याच्यामागे नगरसेवक आहे, त्याच्याकडे तो आधी जातो.

म्हणून बैठकीने दोन किंवा तीनच विषय निवडावेत. दहा विषय निवडणं म्हणजे एकही न निवडणं.

## ‘गस्त वाढवा’ एवढं म्हणणं पुरेसं का नाही

कुठल्याही बैठकीत पहिली मागणी हीच असते. तिच्याबद्दल एक जुना आणि फार महत्त्वाचा प्रयोग आहे. 1972-73 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात 15 बीट निवडून त्यांचे तीन गट केले. एका गटात नेहमीची फिरती गस्त बंद केली आणि पोलीस बोलावल्यावरच जात. दुसऱ्या गटात गस्त नेहमीसारखी ठेवली. तिसऱ्यात ती दुपटी-तिपटीने वाढवली. शेवटी तिन्हीकडच्या गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. गस्तीची गाडी रस्त्याने नुसती फिरत राहिली तर चोराला तिचा फारसा धाक वाटत नाही.

मग गस्त वाया जाते का? नाही. ती कुठे आणि केव्हा, हे ठरवावं लागतं. मिनियापोलिस शहरातल्या पोलिसांना आलेल्या फोनचा अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की निम्म्याहून जास्त फोन शहरातल्या जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून येत होते. गुन्हा शहरभर सारखा पसरत नाही. तो एखाद्या बसथांब्यावर, एखाद्या बंद पडलेल्या इमारतीत, एखाद्या देशी दारूच्या दुकानासमोर साचतो.

ती जागा आणि ती वेळ रहिवाशांना पोलिसांपेक्षा जास्त नेमकी माहीत असते. बैठकीची खरी ताकद इथे आहे. ‘आमच्याकडे चोऱ्या फार होतात’ असं सांगितलं तर अंमलदार वहीत लिहून घेतो आणि पुढे काही करू शकत नाही. पण ‘संध्याकाळी साडेसात ते नऊ, क्लास सुटल्यावर, दवाखान्यामागच्या बोळात, दुचाकीवरून येऊन मोबाईल हिसकावतात आणि नाल्याकडच्या रस्त्याने निघून जातात’ असं सांगितलं की काम सुरू होऊ शकतं. कुठे उभं राहायचं, कोणत्या वेळी, आणि पळायची वाट कोणती, हे सगळं त्या एका वाक्यात आहे.

हर्मन गोल्डस्टीन या अमेरिकी अभ्यासकाने 1979 मध्ये हाच विचार मांडला. एकेका घटनेमागे धावण्यापेक्षा सारख्या घटना एकत्र ठेवून पाहा आणि त्यांच्यामागचं कारण शोधा, असं त्याचं म्हणणं होतं. त्या बोळातल्या प्रत्येक हिसकावणीचा स्वतंत्र तपास होईलच. पण तिथला दिवा कित्येक महिने बंद आहे, भिंतीला लागून भंगार गाड्या उभ्या आहेत म्हणून कुणी लपलं तर दिसत नाही, हेही त्याच बैठकीत पुढे येतं. आणि इथे पोलिसांचा अधिकार संपतो. दिवा पालिकेचा, गाड्या हटवणं बहुधा पालिकेचं, दारूच्या दुकानाचा परवाना उत्पादन शुल्क खात्याचा.

शिकागोने हे सुरुवातीलाच ओळखलं. बैठकीत निघालेली दिव्याची, पडीक घराची, सोडून दिलेल्या गाडीची कामं शहराच्या सेवा विभागांकडे जायची आणि पोलिसांच्या अर्जावर आलेल्या कामांना अग्रक्रम मिळायचा. आपल्याकडच्या बैठकीत वॉर्ड ऑफिसचा माणूस नसतो. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं पोलीस सांगतात, ते खरंही असतं, आणि विषय तिथेच मरतो. माझ्या मते आपल्या बैठकांतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि ती एका पत्राने दूर होण्यासारखी आहे.

## गुन्हे कमी आहेत, तरी भीती का वाटते?

अधिकारी आकडे दाखवतात की यंदा घरफोड्या घटल्या. समोर बसलेल्या बाई म्हणतात, मला आठनंतर बाहेर पडायची भीती वाटते. दोघंही खरं बोलत असतात.

अमेरिकेतल्या नेवार्क शहरात 1970 च्या दशकात पायी गस्तीचा अभ्यास झाला. पायी गस्तीने गुन्हे घटले नाहीत, पण लोकांची भीती घटली. रोज दिसणारा, नावाने ओळखणारा हवालदार माणसाला धीर देतो. भीतीमुळे मुलगी क्लास सोडते, बाई संध्याकाळची पाळी नाकारते, आजोबा देवळात जाणं बंद करतात. यातल्या एकाचीही नोंद गुन्ह्यात होत नाही. म्हणून भीती हा बैठकीचा स्वतंत्र आणि रास्त विषय आहे. तिला ‘तुमचा गैरसमज’ म्हणून उडवून लावू नये.

आकड्यांची दुसरी बाजू अशी, की ते नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या सगळ्या गुन्ह्यांचे नाहीत. चोरीला गेलेला मोबाईल ‘गहाळ’ म्हणून लिहिला गेला तर चोरीचा आकडा वाढत नाही. सायकल गेली तर कित्येक जण ठाण्याची पायरीच चढत नाहीत. त्यामुळे चांगली बैठक सुरू झाल्यावर पहिले काही महिने नोंदलेले गुन्हे वाढलेले दिसू शकतात, कारण लोक तक्रार द्यायला लागतात. वरिष्ठांनी ही वाढ अंमलदाराचं अपयश मानली तर तो पुढच्या वेळी तक्रार घ्यायलाच कचरेल.

## बैठकीला जे येत नाहीत, त्यांचं काय?

हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शिकागोतल्या बैठकांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. गुन्ह्यांचा जास्त त्रास असलेल्या भागांत लोक जास्त येत, ही त्यातली चांगली बाजू. पण येणाऱ्यांत वयस्क आणि घरमालक जास्त असत, तरुण आणि भाडेकरू कमी, आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या लोकांच्या, वस्त्यांतली माणसं फारच कमी.

आपल्याकडे वेगळं होण्याचं कारण नाही. सोसायटीचे अध्यक्ष, व्यापारी, निवृत्त मंडळी, पक्षांचे कार्यकर्ते पुढच्या रांगेत असतात. रात्रपाळीचा कामगार झोपलेला असतो. घरकाम करणारी बाई तेव्हा दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते. शिकायला आलेला, खोलीत चौघांबरोबर राहणारा मुलगा कुणाच्या यादीतच नसतो. मग क्रम कसला लागतो? पार्किंग, फेरीवाले, कट्ट्यावर बसणारी पोरं. घरातल्या मारहाणीबद्दल भर बैठकीत एकही बाई बोलणार नाही, कारण मारणारा किंवा त्याचा भाऊ दोन खुर्च्या सोडून बसलेला असू शकतो. म्हणून बायकांची बैठक वेगळी, महिला अंमलदारासोबत, आणि शक्यतो पोलीस ठाण्याबाहेर, अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या जागी घ्यायला हवी.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे बैठकीत जे हजर नाहीत त्यांच्यावरच बोट ठेवलं जाणं. ‘त्या पालांवरच्या लोकांमुळे चोऱ्या होतात’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या गावोगावी ऐकू येतं. 1871 च्या इंग्रजी कायद्याने कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण पारधी वस्तीकडे पाहायची नजर पुरती बदललेली नाही. बैठकीत एखादी जागा, वेळ, पद्धत सांगणं योग्य. एखादी जात, वस्ती किंवा नुसत्या संशयावरून कुणाचं नाव घेणं योग्य नाही. तसं झालं तर अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्याने तिथेच थांबवलं पाहिजे.

हे न थांबवण्याची किंमत आपण पाहिली आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. एप्रिल 2020 मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले. गावाला नुसती काठी आणि शिट्टी देऊन रात्रभर जागवलं, आणि मोबाईलवर आलेला मजकूर कुणाला विचारून पडताळायचा हे सांगितलं नाही, तर सुरक्षेच्या नावाखालीच माणूस मरतो. पोलीस पाटलाचा नंबर, बीट अंमलदाराचा नंबर, आणि अनोळखी माणूस दिसला तर त्याला हात न लावता फोन करायचा, एवढ्या तीन गोष्टी ग्रामसुरक्षा दलाच्या प्रत्येक बैठकीत पुन्हा पुन्हा सांगाव्यात. कंटाळवाण्या वाटल्या तरी सांगाव्यात.

## भिवंडीत काय झालं होतं

मोहल्ला समितीचं नाव निघालं की भिवंडी आठवते. यंत्रमागांच्या या गावाने 1970 आणि 1984 अशा दोन भयानक दंगली पाहिल्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगल उसळल्यावर धावण्यापेक्षा आधीच काही करता येईल का, या विचारातून त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या बांधल्या. त्या 70 च्या आसपास होत्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्यांच्या जोडीला त्या भागाची जबाबदारी दिलेला पोलीस. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली आणि त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार 900 माणसं गेली. तेव्हा जवळच असलेली भिवंडी शांत राहिली.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्या समित्यांची रोजची कामं. शेजाऱ्यांची भांडणं, मोहल्ल्यातल्या बारीकसारीक कुरबुरी. अशा कामांतून हवालदार आणि रहिवासी एकमेकांना नावाने ओळखायला लागतात. मग अफवा आली की विचारायला माणूस असतो. फक्त संकट आल्यावर बोलावलेल्या समितीत ही ओळख तयार होऊच शकत नाही. मुंबईत दंगलींनंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि शांतता कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी 1994 पासून मोहल्ला समितीची चळवळ उभी केली, ती याच वळणाची.

आता आक्षेप: मग जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार होऊन दोन पोलीस का मारले गेले? एका घटनेवरून समित्या निरुपयोगी ठरत नाहीत. पण एकदा बांधलेली समिती कायमची पुरत नाही, हे मात्र त्यावरून मान्य करावं लागतं. मधल्या काळात गावात नवी माणसं आलेली असतात, ठाण्यातही सगळे चेहरे बदललेले असतात.

## याने गुन्हे खरोखर घटतात का?

घटतीलच, अशी खात्री देता येत नाही, आणि कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत एकाच वेळी केलेला मोठा अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तीच्या बैठका आणि पायी गस्तीसारख्या उपायांनी तिथे ना गुन्हे घटले, ना पोलिसांवरचा विश्वास वाढला. संशोधकांनी अडचणी सांगितल्या त्या आपल्याला ओळखीच्या वाटतील: वरिष्ठांनी या कामाला महत्त्व दिलं नाही, अधिकाऱ्यांच्या बदल्या भराभर झाल्या, आणि बैठकीत ठरलेलं करायला साधनं नव्हती.

हा अभ्यास वाचून मी बैठकांच्या विरोधात गेलो नाही. पण हिशेब देण्याचा माझा आग्रह त्याने पक्का झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांबाबतच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालात ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायला सांगितलं, त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. ज्याने शब्द दिला तोच सहा महिन्यांत गेला, तर जाब कुणाला विचारायचा? म्हणून निर्णय माणसाच्या आठवणीत न राहता कागदावर राहिला पाहिजे.

## गुन्हा घडलाय, तर बैठकीची वाट पाहू?

अजिबात नाही. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, घडला असेल तर सरळ ठाण्यात जा. अशी माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी तक्रार घ्यावी लागते, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. नोंदवायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येतं. ‘पुढच्या बैठकीत विषय घेऊ’ हे या बाबतीत उत्तर असू शकत नाही. तंटामुक्त समितीलाही बलात्कार, अत्याचार यांसारखे गंभीर गुन्हे मिटवण्याचा अधिकार नाही, हे गावागावात ठणकावून सांगायची गरज आहे.

## आमच्या भागात अशी बैठक होतच नाही

मग मागा. दहा-पंधरा रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज ठाण्याच्या प्रमुखाच्या नावे द्या आणि त्याची पोच घ्या. अर्जात बैठक पूर्ण हद्दीची न मागता आपल्या बीटची मागा, आणि महिन्यातला ठरावीक वार सुचवा, म्हणजे दर वेळी निरोपाची वाट पाहावी लागणार नाही. वॉर्ड ऑफिसच्या कनिष्ठ अभियंत्याला बोलावण्याची विनंती त्याच पत्रात करा. बैठकीआधी आठवडाभर गल्लीत फिरून जागा, वेळ आणि पद्धत टिपून ठेवा. ज्यांना येता येणार नाही त्यांना आवर्जून विचारा.

बैठकीत पहिला विषय नेहमी मागच्या वेळी ठरलेल्या कामांचा असावा. काय झालं, काय नाही, आणि का नाही. नाही झालेल्या कामाचं कारण प्रामाणिकपणे सांगितलं तर लोक ते समजून घेतात, असाच माझा अनुभव आहे. संतापतात ते काहीच न सांगण्यावर. शेवटी इतिवृत्त लिहून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. ते मिळत नसेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतं. आणि त्याची एक प्रत चौकीबाहेरच्या फलकावर लावायला सांगा, म्हणजे बैठकीच्या वेळी कामावर असलेल्यांनाही येता-जाता ती वाचता येईल.